सात लाल पगड्या आणि भिवराचं अपील

“या दरबारात चोर बसलाय! लाल पगडी घालून बसलाय!”

भिवरा ओरडली आणि दरबार गार पडला. लाल पगड्या फक्त वकिलांच्या. पुढच्या रांगेत ओळीनं सात!

राजे मानाजीरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “पोरी, मी विचारलं काय? तुझा वकील कोण, एवढंच!”

भिवराच्या बापावर, केरू नावाड्यावर, ठाणेदाराची चांदीची अत्तरदाणी चोरल्याचा आळ होता. ना साक्षीदार, ना पुरावा. ठाणेदारानं केरूला तोंडही उघडू दिलं नाही. होडी जप्त केली आणि राज्याबाहेर हाकलायचा हुकूम काढला. भिवरानं राजांकडे अपील केलं. पण इथला नियम असा, की दरबारातल्या उंच काळ्या फरशीवर उभं राहून वकिलानंच बोलायचं. तिथला शब्द न् शब्द कारकून चालू खटल्यात टिपून घेणार!

भिवरा सातही वकिलांच्या दारी जाऊन आली होती. एक म्हणाला, “फुकट? मी जांभईसुद्धा फुकट देत नाही!” दुसरा म्हणाला, “फुकटात मी घरीही बोलत नाही. बायकोला विचार!” आणि राजे तर हट्टाला पेटलेले. आज दुपारपर्यंत वकील उभा राहिला नाही, तर केरू सीमेपार!

“नाव घे त्याचं!” सातांतले दाजीशास्त्री उसळून फरशीवर चढले. “चोरी कुणी पाहिली? साक्षीदार कुठाय?”

त्यांना कोपरानं सारत दुसरे चढले. “पुरावा दाखव! मुद्देमाल सापडला का?”

“आमचं ऐकून न घेता आम्हाला चोर ठरवायचं?” तिसरे गरजले. “हा कुठला न्याय?”

बघता बघता सातहीजण फरशीवर! पगड्या वाकड्या, घसे कोरडे.

भिवरानं हात जोडले. “महाराज, माझी बाजू मांडून झाली.”

“तुझी बाजू? कोणी मांडली?”

“कारकूनकाकांना वाचायला सांगा.”

कारकुनानं चष्मा सावरला. “केरू नावाड्याचं अपील. वकील सात. म्हणणं असं: साक्षीदार नाही. पुरावा नाही. मुद्देमाल सापडलेला नाही. माणसाचं ऐकून न घेता त्याला चोर ठरवणं हा न्याय नव्हे.”

“अहो, ते आम्ही आमच्याबद्दल बोलत होतो!” दाजीशास्त्री किंचाळले.

“मग फरशीवरूनच मागे घ्या, शास्त्रीबुवा,” भिवरा म्हणाली. “म्हणा, चोर ठरवायला पुरावा लागत नाही!”

दाजीशास्त्री खाली उतरून जागेवर जाऊन बसले.

“पण मग खरा चोर कोण?” राजांनी विचारलं.

“इथं कुणीच नाही, महाराज. मी घेतलेला आळ खोटाच होता. पण खोट्या आळावर हे सातजण केवढ्यानं ओरडले! माझ्या बापाला कुणी एकदाही ओरडू दिलं नाही.”

 राजे असे हसले, की त्यांना शेल्यानं डोळे पुसावे लागले!

“केरूला सोडा! होडी परत करा, वर नवं शीड द्या! आणि पोरी, तुला काय हवं?”

“दर सोमवारी एक लाल पगडी फरशीवर. फी न घेता. ज्याला वकील मिळत नाही, त्याच्यासाठी.”

“दिली! पहिला सोमवार दाजीशास्त्र्यांचा!”

भिवरा निघाली, तसं चोपदारानं दार उघडलं आणि हळूच म्हणाला, “काय गं बाई तुझा आवाज! माझी पगडी पांढरी, तरी मी ती काढून काखेत मारली होती!”