छिमीच्या हातचे मोमो

उंच बर्फाच्या डोंगरांत, जिथे ढग अंगणात उतरून मांडी घालून बसतात, तिथे छिमी नावाची एक मुलगी तिच्या आमाबरोबर राहायची. आमा म्हणजे आई. त्यांचं घर इवलंसं, दगडांचं, रानाच्या अगदी कडेला. आमा लोकरीची रंगीत आसनं विणायची आणि त्यावर दोघींचं कसंबसं भागायचं.

पण त्या हिवाळ्यात आमाला ताप आला. ताप उतरला खरा, पण जाताना तिच्या तोंडाची चवच घेऊन गेला. भात पुढे केला की ती मान फिरवायची. पेज दिली की एक घोट घेऊन वाटी खाली ठेवायची. तिचे गाल बसले, हात काटक्यांसारखे झाले. गावचे वैद्य म्हणाले, "आता औषधाचं काम संपलं. पोटात अन्न गेलं तरच ही उठेल."

छिमीने आमाच्या केसांवरून हात फिरवला. "काय खावंसं वाटतं गं आमा?"

आमा ओशाळून हसली. "मोमो. मटणाचे, गरम गरम. पण राहू दे, बाळा. आपल्याकडे मटण कुठलं!"

शेजारच्या फुर्बाकाकांनी त्याच सकाळी सणासाठी बकरा कापला होता. छिमी वाटी घेऊन त्यांच्या दारात गेली.

"काका, आमासाठी थोडंसं मटण द्याल का?"

"माझ्याकडे पाहुणे यायचेत," फुर्बाकाका म्हणाले. "ज्याला त्याला देत बसलो तर आम्ही काय खायचं? जा घरी." आणि दार धाडकन बंद झालं.

छिमीचे डोळे भरून आले. तरी तिने नाक पुसलं, आणि निदान चुलीला लाकडं तरी आणू म्हणून ती रानात शिरली.

रानात गुरांस नावाची फुलझाडं बहरली होती. लालचुटूक फुलांचे झुबके आणि प्रत्येक झुबक्यावर बर्फाची पांढरीशुभ्र टोपी! तेवढ्यात तिला आवाज आला, अगदी बारीक, कुणी काचेवर नखाने टिकटिक करावं तसा. एका फांदीवर बोटाएवढी परी बसली होती. तिचा झगा फुलासारखा लाल होता, आणि निळा-जांभळा चमचमता पंख फांदीला गोठून चिकटला होता.

"ओढू नकोस हं," परी घाबरून म्हणाली. "फाटेल गं तो."

"नाही ओढत," छिमी म्हणाली. तिने तोंड जवळ नेलं आणि पंखावर हळूहळू ऊबदार श्वास सोडला. हाऽऽ... हाऽऽ... तिचे स्वतःचे ओठ निळे पडले, बोटं बधिर झाली, पण ती थांबली नाही. शेवटी बर्फाचा एक थेंब टपकन गळला, आणि पंख सुटला! परी भुर्रकन उडाली आणि छिमीच्या नाकासमोर येऊन थांबली.

"मी या बनाची परी. तुझी एक इच्छा पुरी करीन. एकच हं! माग."

छिमीला विचार करावा लागलाच नाही. "आमाला मटणाचे मोमो हवेत."

"मैदा देते, खिमा देते," परी म्हणाली. "पण मोमो तू स्वतःच्या हातांनी करायचे. जादू मदतीला येणार नाही. आणि जोवर भांड्यातून वाफ निघते आहे, तोवर दारात आलेल्या भुकेल्याला परत पाठवायचं नाही. पाठवलंस, तर भांड्यातल्या सगळ्याचं बर्फ होईल."

छिमी घरी पोचली, तर चुलीशेजारी पांढराशुभ्र मैदा आणि गुलाबी खिम्याची वाडगी! तिने मैदा भिजवला, मळला, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं. आलं-लसूण ठेचलं. खिम्यात मीठ घातलं, थोडं तेल घातलं, आणि सारण मऊ राहावं म्हणून दोन चमचे पाणी.

"पारी कडेला पातळ लाट, मध्ये जाडसर राहू दे," आमा अंथरुणातूनच सांगत होती.

पहिला मोमो फाटला. दुसरा वाकडा झाला. तिसऱ्याचं तोंडच मिटेना. छिमीच्या ओठांचा चंबू झाला. "मला नाही जमत, आमा!"

"जमेल गं. घाई करू नकोस. बोटांनी एकेक चुणी घाल, जशी लोकर गुंडाळतेस तशी."

छिमीने पुन्हा पारी घेतली. आपण मोदकाला कळ्या पाडतो ना, तशाच कळ्या पाडत पाडत तिने तोंड मिटवलं. आणि जमलं! गुबगुबीत, गोल गोल मोमो. ते तिने जाळीच्या भांड्यात मांडले, झाकण ठेवलं. पांढरी वाफ नाचत नाचत छपराकडे निघाली आणि घरभर वास दरवळला.

एवढ्यात दारावर थाप पडली.

दारात फुर्बाकाका उभे होते! अंगभर बर्फ, एक पाय मुरगळलेला, दात कडाकडा वाजत होते. "खेचर हरवलं," ते कसेबसे म्हणाले. "दुपारपासून रानात हिंडतोय. घरापर्यंत चालवत नाही आता. काही खायला आहे का गं?"

सकाळचं ते बंद होणारं दार तिला आठवलं. हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. मोमो थोडेच होते, आणि आमाच्या पोटात अजून एकही गेला नव्हता. पण काकांची गारठून बधिर झालेली बोटं तिला दिसली. तिचीही तशीच झाली होती, रानात.

"आत या काका. चुलीजवळ बसा." तिने झाकण उघडलं आणि ताटली भरून त्यांच्यापुढे ठेवली.

काका अधाशासारखे खाऊ लागले. मग एकाएकी त्यांचा हात थांबला. "यात मटण आहे." त्यांनी अंथरुणाकडे पाहिलं. "तुझ्या आमाने खाल्ले?"

"अजून नाही."

काकांनी ताटली हळूच खाली ठेवली. "पोरी, सकाळी मी तुला..."

"गार होतील, काका. खा तुम्ही. आमाला पुरतील एवढे आहेत भांड्यात."

छिमीने आमाला उशीला टेकवून बसवलं आणि फुंकर घालून एक मोमो तिच्या तोंडाशी नेला. आमाने चावला. छिमी श्वास रोखून पाहत राहिली.

"आलं जरा जास्त पडलंय," आमा म्हणाली.

"आमा! तुला चव लागली!"

आमाचे डोळे चमकले. तिने आणखी एक खाल्ला, मग आणखी एक. शेवटी भांड्यात एकच उरला, तो पहिला, फाटका. छिमीने तो उचलला, आणि पाहते तर खिडकीत परी बसलेली!

"परीताई, तू जेवलीस का?" छिमीने विचारलं.

"आजवर सगळ्यांनी माझ्याकडे मागितलं," परी हळूच म्हणाली. "जेवलीस का, असं कुणी विचारलंच नाही."

छिमीने मोमो तिच्यापुढे धरला. परीने एक पिटुकला घास घेतला. "आई गं, भाजलं!" ती ओरडली आणि खुदकन हसली. हसता हसता तिच्या पंखांतून सोनेरी किरणं निघाली. "तुझी इच्छा तू वापरलीस, छिमी. हे मात्र माझ्याकडून, न मागता! बर्फ आहे तोवर ही खिम्याची वाडगी रिकामी व्हायची नाही."

प्रकाश वाढत गेला. चूल, भिंती, लोकरीचे गुंडे, सगळं लाल-सोनेरी झालं. फुर्बाकाकांनी डोळ्यांवर हात धरला. मग प्रकाश खिडकीतून बाहेर वाहत गेला, गुरांसाच्या फुलाफुलावर सांडला, आणि परी दिसेनाशी झाली.

वाडगी काठोकाठ भरली होती.

मागे भांडं वाजलं म्हणून छिमीने वळून पाहिलं. आमा भिंतीला धरून उभी राहिली होती, तिच्या तिच्या पायांवर. फुर्बाकाका लंगडत चुलीत लाकूड सारत होते.

"माझी लेक उपाशी आहे," आमा म्हणाली. "दे ते लाटणं इकडे."