झिलूने साहेबांना आणलं

खाडीकाठच्या एका गावात झिलू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. वय पस्तीस, अंगात रेड्याचं बळ आणि मनात पाप नाही. त्याला कुणी म्हणालं, "जरा थांब," तर दुसऱ्याने "जा" म्हणेपर्यंत तो तिथेच उभा राहायचा.

त्याच गावात रुक्मावहिनी तांडेल यांचा मासळीचा कारखाना होता. तीस बायका तिथे कोळंबी सोलायच्या, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या उकडायच्या, कुर्ल्या म्हणजे खेकडे भरायच्या. माल परदेशी जायचा. पण जाण्याआधी बंदरावरच्या कस्टमच्या घैसास साहेबांना नमुना दाखवावा लागे. साहेबांकडे एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात प्रत्येक मालाचा रकाना ठरलेला. कोळंबी सालीसकट उकडली तर एक रकाना, सोलून उकडली तर दुसरा. रकाना चुकला की माल परत. आणि त्या महिन्यात परदेशातल्या व्यापाऱ्याने कळवलं होतं की, माल वेळेवर आला नाही तर मी दुसरीकडे बघतो. तसं झालं असतं तर तीस बायका घरी बसल्या असत्या.

नमुने नेणारा माणूस आजारी पडला. बाकी सगळ्यांचे हात बर्फात. वहिनींनी झिलूला बोलावलं. सोललेल्या, उकडलेल्या कोळंबीची पिशवी हातात दिली आणि सांगितलं, साहेब विचारतील ते सगळं खरं सांग, काही लपवू नकोस.

साहेबांनी पिशवीत न बघताच विचारलं, हिला साल आहे का? झिलू म्हणाला, होती. पाच बायकांनी बसून काढली. त्याआधी ती कच्ची होती, आणि त्याच्याही आधी जिवंत होती, समुद्रात पोहायची. साहेबांनी विचारलं, मग मी यातलं काय लिहू? झिलू म्हणाला, सगळं लिहा, सगळं खरं आहे. साहेबांनी सोललेली, कच्ची आणि जिवंत असे तिन्ही रकाने भरले. तीन रकान्यांत बसणारी कोळंबी जगात नसते, म्हणून माल परत आला.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अरे, आधी काय होतं ते कशाला सांगायचं? समोर दिसतं तेवढंच सांगावं."

"बरं वहिनी. आता नाही चुकणार."

दुसऱ्या दिवशी धुरावलेल्या तिसऱ्यांचा बंद डबा घेऊन तो गेला. साहेबांनी विचारलं, काय आणलंस? झिलूने डब्याकडे नीट बघितलं. वरून बघितलं, खालून बघितलं. मग म्हणाला, पत्रा. साहेबांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा म्हणाला, पत्रा. साहेबांनी पुस्तकातलं मासळीचं पान मिटलं आणि भांड्यांचं उघडलं. रुक्मावहिनींच्या नावावर पत्र्याच्या भांड्यांचा कागद झाला आणि माल दुसऱ्यांदा परत आला.

वहिनींनी त्याच्या हातातून डबा काढून घेतला. मग म्हणाल्या, "वरचं झाकण बघून सांगतात का? उघडून आतलं दाखवायचं असतं."

"बरं वहिनी. आता नाही चुकणार."

तिसऱ्या दिवशी टोपलीभर जिवंत कुर्ल्या होत्या. झिलूने साहेबांच्या टेबलावर टोपली ठेवली, झाकण उघडलं, आणि आतलं नीट दिसावं म्हणून टोपली उपडी केली. चाळीस कुर्ल्या कचेरीभर झाल्या. कारकून खिडकीत चढला. साहेब खुर्चीवर उभे राहिले, पण एक कुर्ली त्यांच्या आधीच खुर्चीवर होती. त्यांनी तिथूनच निरोप दिला की या माणसाच्या हातून आता काही पाठवू नका, उद्या मला आणायला कुणीतरी पाठवा, मी कारखान्यावर येऊन माल बघतो.

झिलूने निरोपातला शेवटचा भाग तेवढा सांगितला. पहिला भाग त्याला नीट ऐकू आला नव्हता, कारण साहेब तेव्हा ओरडत होते.

कुर्ल्यांचं ऐकून वहिनी खाली बसल्या. "अरे देवा. जिवंत माल असला की आधी नांग्या बांधायच्या. ओल्या गोणपाटात गुंडाळायचा. अधूनमधून पाणी शिंपडायचं. आणि उन्हात ताटकळत ठेवायचा नाही, आणला की पहिल्या गाडीत चढवायचा. कळलं?"

झिलूने ते चारदा घोकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माल न्यायला ट्रक आला. बायका भराभर खोकी भरत होत्या. वहिनींनी झिलूला सांगितलं, हातगाडीवरचा बर्फ बंदरावर टाकून ये, आणि येताना साहेबांना घेऊन ये, अगदी जपून आण. झिलू दोन पावलं गेला आणि परत आला.

"वहिनी, साहेब जिवंत आहेत ना?"

"जिवंतच आहेत रे बाबा. जा आता."

साहेब जेवून खुर्चीत डुलक्या घेत होते. कारकून कालच्या कुर्लीने चावलेलं बोट घेऊन रजेवर होता. झिलूने आवाज न करता साहेबांचे दोन्ही हात सुंभाने बांधले. साहेब जागे झाले तोवर ते ओल्या गोणपाटात होते. रस्ताभर आतून आरडाओरडा चालू होता. झिलू प्रत्येक वळणावर थांबून पाणी शिंपडायचा. वाटेत भेटलेल्यांना म्हणायचा, मोठा आहे, म्हणून जोर करतोय.

घटकाभराने वहिनी हात पुसत फाटकाशी आल्या. हातगाडी रिकामी होती. झिलू सावलीत घाम पुसत उभा होता. ट्रक दिसत नव्हता.

"साहेब आले का?"

"आले."

"मग कुठे आहेत?"

"गेले. जिवंत माल उन्हात ठेवायचा नाही ना? पहिल्या गाडीत चढवले."

वहिनींनी ट्रकच्या इनास ड्रायव्हरला फोन लावला. तो बंदराच्या नाक्यावरून पुढे गेला होता. मागून हाका ऐकू येतात हे त्याने कबूल केलं. पण चढवतानाच झिलूने त्याला सांगून ठेवलं होतं, यातला एक नग बोलतो, लक्ष देऊ नकोस. वहिनींनी गाडी तिथल्या तिथे फिरवायला सांगितली, फोन ठेवला आणि फाटकाला टेकल्या. त्यांना एकच कळत नव्हतं. कागदाशिवाय नाक्यावरून मासाही पुढे जात नाही, मग हे कसे गेले?

"कागद होता की," झिलू म्हणाला. "मीच भरला. या वेळी एकही चूक नाही, वहिनी. एक नग, जिवंत, सालीसकट, नांग्या बांधलेल्या. आणि शिक्काही साहेबांचाच आहे. त्यांच्या खिशात मिळाला."