गरुड कोणत्या खंडात उडतो?

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंच्या दारात आली ती पाय आपटीतच. चपला काढल्या त्याही एक इकडे, एक तिकडे. नदीकाठच्या त्या लहानशा शहरात हे गुरू शाळेतून निवृत्त झाल्यावर मोठ्या माणसांना घरी संस्कृत काव्य शिकवीत. शिष्यवर्ग मोजकाच, त्यांत ही शाल्मली. वय पस्तिशीचे, जलसंपदा कार्यालयात नोकरी, बुद्धी तल्लख आणि जिभेला धार. गुरुजींना तिची बुद्धी आवडे. जिभेविषयी ते काही बोलत नसत.

संस्कृत काव्य शाल्मलीच्या आयुष्यात बरेच उशिरा आले. त्याआधीचे तिचे प्रेम वेगळेच होते. ‘नीलतटाची गाथा’ नावाची सहा खंडांची एक अद्भुतकथा. तिची नायिका ऋजुला ही तेरा वर्षांची, नावाड्याची मुलगी. तिला मंत्र येतात. परंतु प्रत्येक मंत्राची किंमत म्हणून तिच्या स्मरणातली एक गोष्ट कायमची पुसली जाते. सोबतीला एकच पंख असलेला गरुड. शाल्मलीने आणि तिच्या मैत्रिणीने, रोहिणीने, पहिला खंड शाळेच्या सुट्टीत एकाच प्रतीतून, डोक्याला डोके लावून वाचला होता. पुढे शहरातल्या वाचकांचे एक मंडळच उभे राहिले. दर रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात ते जमत, आणि ऋजुलेने अमुक दार उघडायला हवे होते की नको, यावर तावातावाने बोलत.

अशा मंडळाला एके दिवशी वार्ता लागली की गाथेवर दूरदर्शन मालिका निघते आहे. त्या रविवारी पेढे वाटले गेले. एका ज्येष्ठ सभासदाच्या डोळ्यांत पाणी आले. मग हळूहळू बाकीच्या बातम्या आल्या. ऋजुलेचे काम करणारी मुलगी विशीतली आणि चांगली उंच. रानातल्या वृद्ध तपस्व्याची म्हातारी झाली. आणि मालिकेची झलक दाखवली गेली तेव्हा गरुडाला दोन्ही पंख निघाले.

मंडळात हलकल्लोळ झाला. ठरले असे, की कुणीही ही मालिका पाहायची नाही, आणि गावोगावच्या वाचकांनाही पाहू नका म्हणून कळवायचे. पुढाकार अर्थातच शाल्मलीचा. तेवढ्यात रोहिणी म्हणाली, “मला मात्र बघायचीय गं. वाईट निघाली तर मग शिव्या देऊ की.”

“मग तू ते पुस्तक कधी वाचलंच नाहीस,” शाल्मली म्हणाली. “नुसती पानं उलटलीस माझ्या शेजारी बसून.”

रोहिणीने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. त्यानंतर ती रविवारी आली नाही, फोनही उचलीना.

हे सारे शाल्मलीने त्या दिवशी गुरुजींना सांगितले. रोहिणीचा भागही सांगितला. पण तो जवळच्या माणसांनीसुद्धा कशी पाठ फिरवली, याचा दाखला म्हणून. शेवटी ती म्हणाली, “तुम्हीच सांगा, गुरुजी. कवीचा एक शब्द कुणी बदललेला तुम्हाला चालेल?”

गुरुजींनी ते ऐकून घेतले. मग म्हणाले, “अक्का आली आहे.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सारा जन्म समुद्रकाठच्या एका खेड्यात गेलेला. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पिकले होते आणि शस्त्रक्रियेसाठी तिला इथे आणले होते.

“पहिल्या डोळ्याची तारीख शनिवारची आहे,” गुरुजी म्हणाले. “दिसत नाही, वेळ जात नाही. तोवर रोज संध्याकाळी येऊन तिला तुझी गाथा सांग.”

“सहाही खंड? चार-पाच संध्याकाळी?”

“बसतील तेवढे.”

“पण मी विचारलं त्याचं काय?”

गुरुजी उठून आत गेले. शाल्मलीला हे वागणे विचित्र वाटले आणि थोडे लागलेही. तरी गुरूंचा शब्द मोडायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी कार्यालयातून ती परस्पर तिकडे गेली.

अक्का खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. शाल्मलीने पुस्तकाबरहुकूम आरंभ केला. नीलतट नावाचा प्रचंड कोट, तो बांधणारे राजवंश, त्यांची आपापसांतली वैरे. गाथेच्या खऱ्या रसिकाला हे राजवंश मुखोद्गत असतात. तिसऱ्या वंशापाशी अक्का घोरू लागल्या.

दुसऱ्या संध्याकाळी तिने राजवंश सोडून दिले. म्हणाली, “नदीत एक होडी होती आणि होडीत एक मुलगी होती.”

“वल्हं कुणाकडे?” अक्कांनी विचारले.

“तिच्याचकडे.”

“एवढ्याशा पोरीकडे? बाप कुठे गेला तिचा?”

“तो आजारी आहे, अक्का. घरी पडून आहे.”

“अरेरे. सांग पुढे.”

ऋजुलेच्या वडिलांचे आजारपण पुस्तकात तिसऱ्या खंडात येते. ते इतक्या अलीकडे कसे आले, हे शाल्मलीच्या ध्यानातही आले नाही. अक्का पुढे सरकून बसल्या होत्या, एवढे मात्र तिच्या ध्यानात आले.

मग गरुड आला, आणि अडचण उभी राहिली.

“एकच पंख? मग तो उडतो कसा?”

“उडत नाही, अक्का. तेच तर त्याचं दुःख आहे.”

“आणि इतकी जाडजूड पुस्तकं नुसता चालतो?” अक्का म्हणाल्या. “मग कोंबडा म्हण की मेल्याला!”

शाल्मलीला हसू आवरले नाही. मंडळात कुणी असे बोलला असता तर त्याची धडगत नव्हती. परंतु वाटेने घरी जाताना तिच्या मनात गरुडच घोळत राहिला. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट सांगू लागली. ऋजुला तटावर कोंडली गेली, खालून शत्रू शिड्या लावू लागला. अक्कांनी खाटेची कड घट्ट धरली होती. त्यांची ती बोटे पाहता पाहता शाल्मलीच्या तोंडून निघून गेले, की ऋजुलेला पाठीवर घेऊन गरुडाने तटावरून उडी टाकली, असलेला एक पंख पसरला, नदीवरचा वारा त्याच्या खाली शिरला आणि तो तिरपा, हेलकावत, पलीकडच्या काठाला जाऊन पडला, पण पोचला.

अक्कांनी मांडीवर थाप मारली. “मला ठाऊकच होतं! कधीतरी उडणार तो!”

शुक्रवारी पुलाचा प्रसंग आला. गाथेतला हा सर्वांत लाडका प्रसंग. ऋजुला पुलावर एकटी उभी आहे. मागे गाव, पुढे सैन्य. मंत्र म्हटला तर पुलाची सैन्याकडची बाजू कोसळेल आणि गाव वाचेल. पण या खेपेला तिच्या स्मरणातून जाणार आहे तो आईचा चेहरा.

अक्का पुन्हा भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, “मला माझ्या आईचा चेहरा आठवत नाही गं. ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. हा तुझा गुरुजी तर पाळण्यात. फोटो कुठले तेव्हा? डोळे चांगले होते तेव्हाही आठवायला बसायचे. काहीच यायचं नाही समोर.”

पुस्तकात हे प्रकरण एका वाक्याने संपते: ‘चेहरा गेला, आणि मुलगी पुलावरून खाली उतरली.’ मंडळातल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होते. शाल्मलीने किती वेळा ते म्हणून दाखवले असेल. आताही ते जिभेवर आले होते. तिने ते म्हटले नाही.

ती म्हणाली, “चेहरा गेला, अक्का. पण संध्याकाळी ती वेणी घालायला बसली, तेव्हा तिच्या हातांनी आपोआप आधी डावीकडची बट घेतली. आई तशी घालायची. तिला काही आठवत नव्हतं. पण हातांना येत होतं.”

अक्कांचा हात आपल्या विरळ पांढऱ्या वेणीकडे गेला.

“आमची आई पेड फार घट्ट घालायची,” त्या सावकाश म्हणाल्या. “डोळे ताणले जायचे. मी रडायचे... अगो बाई. हे मला आठवतंय.”

त्यानंतर गोष्ट पुढे गेली नाही. अक्का आपल्या आईच्या बोटांविषयी बोलत राहिल्या आणि शाल्मली ऐकत राहिली. अंधारून आल्यावर तिने त्यांच्या अंगावर पांघरूण घातले आणि ती बाहेर आली.

बाहेरच्या खोलीत गुरुजी उद्याच्या बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलीत बसले होते. दार उघडेच होते. त्यांनी सगळे ऐकले असणार.

“शाल्मली,” ते म्हणाले, “गरुड कोणत्या खंडात उडतो?”

ती चप्पल घालता घालता थांबली.

“कोणत्याच नाही.”

“आणि वेणी?”

“ती... नाही. तीही नाही.”

“राजवंशांचं काय केलंस?”

“गाळले.” ती त्यांच्यासमोर खाली बसली. “अक्कांना झोप लागत होती, गुरुजी. आणि आज त्या असं बोलल्यावर मी ते वाक्य कसं म्हणणार होते?”

“म्हणायचं नव्हतंच. मी असतो तर मीही म्हटलं नसतं.” गुरुजींनी हातातला दाणा वाटीत टाकला. “पुस्तकाला समोर कोण बसलंय ते दिसत नाही, शाल्मली. सांगणाऱ्याला दिसतं, आणि दिसलं की जीभ वळते. तुझी वळली. ती मालिकावाली माणसं कुणाकडे बघून बदल करतात, मला माहीत नाही. ऐकणाऱ्याकडे बघून करत असतील, किंवा नुसते पैसे डोळ्यांपुढे ठेवूनही करत असतील. ते पाहिल्यावर कळेल. वाईट असेल तर तुझ्या जिभेला धार आहेच, तेव्हा वापर. पण मला एक सांग. अक्कानं गाथेचं एक पान वाचलेलं नाही. तिला गोष्ट कळली नाही, असं म्हणशील?”

शाल्मलीने मान हलवली. नाही.

“आणि जी तुझ्या शेजारी बसून ती वाचत आली, तिला तू काय म्हणालीस?”

एवढे बोलून गुरुजी पुन्हा वाल सोलू लागले.

शनिवारी अक्कांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. ते कळल्यावर शाल्मली रोहिणीच्या घरी गेली. रोहिणीने दार अर्धेच उघडले. शाल्मली माफीचे चार शब्द बोलू लागली, तसे तिने मध्येच थांबवले.

“बोललीस सगळ्यांसमोर. आणि हे इथं जिन्यात सांगतेस होय?”

रविवारी सकाळी वर्ग भरलेला होता. संध्याकाळी मालिकेचा पहिला भाग लागणार होता. शाल्मली बोलायला उभी राहिली तेव्हा सर्वांना तिखट भाषणाची अपेक्षा होती. मागच्या बाकावर रोहिणी येऊन बसली होती.

“रोहिणीने गाथा वाचली नाही, असं मी म्हटलं,” शाल्मली म्हणाली. “ते खोटं होतं, आणि म्हणताना मला ते ठाऊक होतं. मी आज मालिका बघणार आहे. ज्यांना बघायची नाही त्यांनी बघू नये. पण बघणाऱ्याला मी पुन्हा काही म्हणणार नाही.”

कुणीतरी “फितुरी” असे पुटपुटले. ते पेढ्यांच्या दिवशी डोळे भरून आलेले ज्येष्ठ सभासद उठून निघून गेले, आणि पुढे कित्येक महिने आले नाहीत. रोहिणीने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली.

संध्याकाळी दोघींनी रोहिणीच्या घरी पहिला भाग पाहिला. तो काही थोर नव्हता. मुलीने वल्हे उलटे धरले होते, आणि ते दोघींनी एकाच वेळी बोलून दाखवले. रानातली म्हातारी मात्र मूळच्या तपस्व्याहून सरस उतरली होती. हे कबूल करायला शाल्मलीला जड गेले, पण तिने केले. मग ऋजुलेने पहिला लहानसा मंत्र म्हटला. ती आपल्या कुत्र्याला हाक मारायला वळली आणि तोंड उघडे ठेवून तशीच उभी राहिली. नाव गेले होते. ती उंच, विशीतली मुलगी त्या क्षणी अगदी लहान दिसली.

जाहिराती लागल्या. रोहिणीने चिवड्याची बशी पुढे सरकवली.

“माझा राग गेलेला नाही हं अजून,” ती म्हणाली.

“असू दे,” शाल्मली म्हणाली, आणि तिने चिवडा घेतला.

आपल्या जिवाभावाची गोष्ट दुसरा कुणी सांगायला बसला, तर हरकत अवश्य घ्यावी. पण ती त्याचे सांगून झाल्यावर.