गोजराने कोंडलेला पूर

पूर पुरता ओसरलाही नव्हता तोच बोरगडच्या राजांचा हुकूम आला. दवंडीवाला कुंभारआळीत गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि डफ बडवून ओरडला, "ज्याचं घर त्यानं पुरापासून राखावं! सरकारकडे रडत येऊ नये! ज्याला राखता येत नसेल त्यानं दसऱ्याच्या आत जागा सोडावी. तिथं महाराजांची गुलाबाची बाग व्हायची आहे!"

एवढं बोलून तो काखोटीला डफ मारून निघून गेला. त्याचं काय जातंय! इथे गोजरा कुंभारणीची भट्टीत घालायला ठेवलेली कच्ची मडकी विरघळून पुन्हा चिखल झाली होती. आणि जागा सोडून जायचं कुठे? चिकणमाती मिळते नदीकाठी. डोंगरावर जाऊन काय मुरमाची मडकी करायची? तिचा नवरा रखमाजी कपाळाला हात लावून बसला. गोजराने पदर खोचला आणि ती तशीच चिखलाच्या पायांनी दरबाराकडे निघाली.

दारात चोपदाराने तिला अडवलं. "आधी पाय धू. गालिचा खराब होईल."

"होऊ दे की," गोजरा म्हणाली. "माझ्या घराचा झाला तवा तुमी कुटं व्हता?"

आत राजे अमरराव लोडाला टेकून बसले होते. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागे घ्यायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

"महाराज, नदी कुणाची वो?" गोजराने विचारलं.

"आमची! पणजोबांपासून आमची. नावेचा कर आमचा, वाळू आमची, त्यातला मासा न मासा आमचा. कुणी गळ टाकला तर फटके."

"आन् पूर?"

दिवाण त्र्यंबकपंत घाईघाईने खाकरून म्हणाले, "पूर देवाचा."

"म्हंजी मासं सरकारचं आन् चिखल देवाचा," गोजरा म्हणाली.

राजांचा चेहरा लाल झाला. "तो पूर आमचा आहे असं तुझं म्हणणं ना? मग जा, त्याला धर आणि आमच्यापुढे उभा कर. मालकी तिथंच ठरवू. नाही जमलं तर सगळ्या आळीच्या आधी तुझं घर पाडू."

दरबार खो खो हसला. दिवाणजी तर पगडी सावरून सावरून हसले.

"धरते," गोजरा म्हणाली आणि वळली.

घरी रखमाजीने हे ऐकलं आणि तो रडकुंडीला आला. "अगं, पूर काय शेळी हाय व्हय, कान धरून न्यायला?" गोजराचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती अंगणातल्या मातीच्या खड्ड्याकडे बघत होती. पिढ्यान्‌पिढ्या माती काढून तो विहिरीएवढा झाला होता. एव्हाना नदी मागे हटली होती, पण खड्डा काठोकाठ भरलेला होता आणि त्यात मोठमोठे रोहू उड्या मारत होते.

तिने खड्ड्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आळीतल्या कुणालाही माशांना हात लावू दिला नाही. मग राजवाड्यावर निरोप धाडला: पूर धरलाय. अंगानं दांडगा असल्यामुळे आणता येत नाही, महाराजांनीच यावं. त्याच्या पोटात मासेही चांगले पोसलेले आहेत.

यातल्या शेवटच्या वाक्यावर राजे उठले. पालखी चिखलात रुतली तेव्हा दिवाणजींच्या खांद्यावर हात ठेवून पायी आले.

"हे डबकं दाखवायला आम्हाला बोलावलंस?" राजे गरजले. तेवढ्यात एक हातभर लांब रोहू पाण्याबाहेर उसळला. राजांचा आवाज एकदम खाली आला. "दिवाणजी, जाळं मागवा. मासे आमचे आहेत."

"सरकार, ह्ये नदीतलं न्हाईत. माझ्या अंगणातलं हाईत."

"अंगणात मासे उगवतात का? आमच्या नदीतून आलेत. आमचा मासा कुठेही गेला तरी आमचाच!"

"आन् ज्या पान्यातनं आलं, त्ये पानी?"

"तेही आमच्याच नदी..." राजे बोलता बोलता थांबले. त्र्यंबकपंतांनी डोळे मिटून घेतले.

"बरं झालं, मालक गावला," गोजरा म्हणाली. "महाराज, चैतात माझं गाढव तुमच्या बागंत शिरलं. तुमी त्येला कोंडवाड्यात घातलं. म्या म्हनलं, मुकं हाय, आपल्या मनानं ग्येलं. तुमी म्हनला, मालकानं बांधून ठिवायचं हुतं. आता नुसकान भर आन् सोडवून ने. म्या भरलं. आता ह्ये तुमचं मोकाट सुटून माझ्या घरात घुसलं. म्या कोंडलंय. नुसकान भरा आन् न्या सोडवून."

"नदीला गाढव म्हणतेस?" दिवाणजी किंचाळले.

"न्हाई बा. माझं गाढव बांधलं की गप ऱ्हातं."

राजांनी शेवटचा प्रयत्न केला. "जाऊ दे. आम्हाला हे मासेही नकोत आणि हे पाणीही नको."

"लई उपकार," गोजराने हात जोडले. "मग नदी आजपास्नं आळीची. नावंचा कर, वाळू, मासं, समदं आमी बघतो. आन् पूरबी आमीच आवरतो."

राजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी आभाळाकडे पाहिलं. मग राजांच्या पोटातून जे हसू फुटलं, त्याने त्यांचा पाय घसरला आणि बोरगडचे महाराज चिखलात बसले. तरी हसू थांबेना.

"पंत," ते तसेच बसून म्हणाले, "उद्यापासून काठाला दगडी बांध घाला. खर्च खजिन्यातून. हिच्या मडक्यांचं नुकसान भरून द्या. आळी कुठेही हलणार नाही." मग गोजराकडे वळले. "झालं? आता सोड आमची नदी."

"सोडते की. पन कोंडवाड्यात वैरनीचा खर्च येगळा घेत्यात, महाराज."

"वैरण? पाण्याला कसली वैरण?"

"माझं अर्धं घर खाल्लं की त्येनं!"

राजे पुन्हा हसत सुटले. वैरणीबद्दल त्यांनी खड्ड्यातले सगळे मासे गोजराला देऊन टाकले. कुंभारआळीच्या चुलींवर त्या दिवशी रोहूचं कालवण रटरटत होतं आणि पहिली वाटी चिखलाच्या कपड्यांनी ओट्यावर बसलेल्या राजांनी मागून घेतली.