हिरव्या शिरांचा धोंडा

बर्फाच्या नद्या वितळून डोंगरातल्या दऱ्या नुकत्याच कुठे मोकळ्या झाल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. एका दरीच्या मधोमध हत्तीएवढा धोंडा बसला होता. त्याच्या अंगावर तांब्याच्या हिरव्या शिरा होत्या. त्या पाहून खाणकरी हरखले आणि विचारू लागले, "तू इथलाच ना रे?"

"म्हणजे काय! माझं मूळ थेट पाताळात आहे," धोंडा ऐटीत म्हणाला. बर्फाने आपल्याला फरफटत आणून इथे टाकलं, हे सांगायची त्याला लाज वाटत होती.

लोकांनी त्याच्या पायथ्याशी खणायला घेतलं. दोन उन्हाळे गेले, तांब्याचा कण दिसेना. साठवलेलं धान्य संपत आलं. तरी धोंड्याचं आपलं एकच, "अजून थोडं खोल!" शेवटी खड्ड्याची कड खचली आणि तो स्वतःच गडगडत आत पडला.

तो बसला होता तिथल्या कातळावर लांबच लांब ओरखडे उघडे पडले. सगळे वरच्या सुळक्याकडून आलेले. खाणकऱ्यांतल्या म्हाताऱ्या कोंडाजीने त्या ओरखड्यांवरून हात फिरवला.

"हा कसला इथला! बर्फाने ओढत आणलाय याला. चला, ओरखड्यांच्या मागे."

सुळक्यापाशी तांबं सापडलं. परतताना कोंडाजी खड्ड्याच्या काठावर थांबला. आता हा शिव्या घालणार, असं धोंड्याला वाटलं.

"वर सुळक्याच्या कड्याला एक खाच आहे," कोंडाजी म्हणाला, "बरोबर तुझ्या मापाची. कडा विचारत होता, आमचा खाली बरा आहे ना?"