मार्तंडरावांची न झालेली दुपार

“सूर्य दुपारी विसावा घेतो का? नाही ना? मग तुम्हाला कशाला हवा?” मार्तंडराव महाराजांनी विचारलं आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन मिशीवरून बोट फिरवलं.

समोर सारजा उभी होती. महाराजांच्या नव्या सातमजली महालासाठी ज्या बाया डोक्यावरून चुन्याच्या पाट्या वाहत, त्यांतलीच एक. राहणारे महाराज एकटे आणि मजले सात, पण राजाला विचारायचं कुणी? आदल्या दिवशी भर उन्हात ठकू नावाची पोटुशी बाई पाटीसकट कोसळली. मुकादमाने आधी चुना किती सांडला ते पाहिलं, मग ठकूकडे पाहिलं. सारजाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने साऱ्या बायांना गोळा केलं आणि दुपारी घटकाभर सावलीत बसू द्या, एवढंच मागायला ती दरबारात आली.

“बरं बाई, तुझ्यावर अन्याय नको,” महाराज म्हणाले. “उद्या माझ्या राज्यात सूर्य थांबवून दाखव. थांबला तर सगळ्यांना विसावा. नाही थांबला तर तू हद्दपार आणि तुझी ती ठकू कामावरून कमी.”

“वा, काय न्याय!” प्रधानजी म्हणाले. त्यांची नोकरीच ती होती.

“शब्द फिरवायचा नाही हं, महाराज,” सारजा म्हणाली आणि निघाली.

आता या राज्यातला वेळेचा कायदा ऐका. उन्हं कलली की मजूर घरी निघतात, म्हणून महाराजांनी दवंडी पिटवली होती की आभाळाकडे बघून वेळ सांगायची नाही. महालातल्या घंगाळात रोज सकाळी ताजं पाणी भरत आणि त्यावर बुडाला भोक असलेलं एक पात्र तरंगे. ते भरून बुडालं की टोला पडे. टोला पडेल तीच वेळ! सूर्य बघून जो बोलेल त्याला चाबकाचे दहा फटके, मग तो कुणी का असेना. संध्याकाळच्या पात्राचं भोक जरा बारीकच ठेवलेलं असे. त्यामुळे मजुरांचा दिवस लांबे आणि महाराजांना आपली प्रजा फार कामसू वाटे.

सारजा दरबारातून थेट नदीवर गेली. तिथे महालाचं पाणी भरणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यात गंगू वयाने मोठी. सारजाने सगळं सांगितलं, तशी गंगू फणकारली, “तुमचं नि आमचं काय एक? आम्ही महालातल्या.”

“माझी मान दुखते, गंगूआक्का. तुझी?”

गंगूचा हात आपसूक मानेकडे गेला. मग तिने विचारलं, “ठकू कशी आहे गं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुदपाकखान्यात पाणी आलं, न्हाणीत आलं, हत्तींनाही मिळालं. घंगाळ तेवढं कोरडं राहिलं. प्रधानजी धावत बायांकडे गेले.

“सकाळचं पाणी झालं भरून,” गंगू म्हणाली. “पुढचा हंडा दुपारच्या टोल्यानंतर. तसा हुकूमच आहे तुमचा.”

“अगं, पण पाण्याशिवाय टोला पडायचा कसा?”

“ते बाई आम्हाला कळत नाही. आम्ही हुकमाच्या ताबेदार.”

प्रधानजींनी हंड्याकडे पाहिलं, आपल्या अंगठ्यांकडे पाहिलं आणि परत फिरले. टोलेवाला म्हणाला, मी टोले मारतो, पाणी भरत नाही.

इकडे महाराज पाटावर बसलेले. भरल्या वांग्यांचा वास सुटला होता, पण आचारी हात जोडून उभा. टोल्याआधी वाढलं तर त्याची पाठ सोलून निघाली असती. महाराजांच्या पोटात कावळे ओरडू लागले.

“प्रधानजी, दुपार झाली का?”

प्रधानजी खिडकीपाशी गेले, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, “अद्याप नाही, महाराज.”

सावल्या लांबल्या तरी दुपार होईना. शेवटी महाराजांनी सारजाला बोलावून घेतलं.

“कुठे आहे तुझा थांबलेला सूर्य?”

“महाराज, जेवलात का?”

“नाही.”

“का बरं?”

“अजून दुपार झाली नाही म्हणून!”

“मग सूर्य सकाळपासून अडलाच की.”

महाराज ताडकन उठले आणि खिडकीशी जाऊन ओरडले, “डोळे फुटले का तुझे? तो बघ, पार पश्चिमेला कललाय!”

प्रधानजी आपल्या जोड्यांकडे बघू लागले. सारजा चाबूकवाल्या शिपायाकडे वळली आणि हळूच म्हणाली, “दादा, दहाच ना? का राजाला जास्त असतात?”

शिपायाने चाबकाकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी एकदा आपल्या पाठीवरून हात फिरवला.

“थांबलाय,” ते घाईने म्हणाले. “सूर्य थांबलाय. मी काही पाहिलं नाही. दिला विसावा. ठकूही राहू दे कामावर.”

“आजपासून का उद्यापासून?”

“आजपासून गं बाई! आता त्या बायांना सांग, घंगाळ भरा. मला भूक लागलीय.”

“भरतील की, महाराज,” सारजा म्हणाली. “पण घटकाभर दम धरा. बाया आत्ताच विसाव्याला बसल्यात.”

महाराज आधी लाल झाले, मग जे हसत सुटले ते रिकामं पोट धरून पाटावरच बसले. हसता हसता त्यांनी हुकूम सोडला, “दरबारातला तो रेशमी शामियाना काढा आणि नेऊन ताणा त्यांच्या डोक्यावर!”