संगणकाची खोळ

"गुरुजी, तुम्हीच सांगा, हिला शून्य नाही तर काय देऊ?"

कुंभोजे सरांचा आवाज चढला होता. नववीची माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा नुकतीच संपली होती. रेश्मा डवरी संगणकाच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. रडून डोळे लाल झालेले. शून्य पडलं की दहावीला तिचा हा विषय बंद होणार होता. आणि अख्ख्या वर्गात तो मनापासून हवा असणारी ती एकटीच.

अस्वले गुरुजी याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. कुंभोजे त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यांच्याच शब्दावर इथं नोकरीला लागले. गुरुजी आपलीच बाजू घेणार, याची त्यांना खात्री होती.

"लेखीत किती मिळाले हिला?"

"पैकीच्या पैकी! माउसची आकृती काढून सगळे भाग दाखवलेत, अगदी छापल्यासारखे. आणि आज माउस हातात दिला, तर टेबलावरून उचलून हवेत फिरवायला लागली. सगळी पोरं हसली, गुरुजी."

सरही हसले होते. आत्ता सांगतानाही हसले.

गुरुजी हसले नाहीत.

"याआधी कधी बसली होती ती इथं?"

"बसायला कशाला पाहिजे? मी फळ्यावर सगळं समजावतो. पोरांच्या हातात दिलं की वाट लागते हो." कुंभोजे ताठ झाले. "चार वर्षं झाली, एक मशीन बिघडलेलं नाही. तालुक्यात अशी दुसरी लॅब दाखवा."

खोटं नव्हतं ते. चपला दाराबाहेर. दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू संगणकांच्या पडद्यांवर अजून तसंच. परीक्षा संपताच प्रत्येक संगणकावर फुलाफुलांची खोळ पुन्हा चढलेली, खोलीची किल्ली सरांच्या गळ्यातल्या दोरीला. मुलांनी दारातूनच दर्शन घ्यायचं आणि वर्गात जाऊन पाठ करायचं. शाळा म्हणायची का याला?

गुरुजींनी एक खोळ चिमटीत धरून पाहिली.

"टाके बारीक आहेत. कुणी शिवली?"

"मी," रेश्मा म्हणाली. "सगळ्या मीच शिवल्यात, गुरुजी. शिवणाच्या तासाला. सरांनी सांगितलं होतं."

गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला.

"लाज नाही वाटत तुला, कुंभोजे?"

"अहो पण गुरुजी, एवढी महागाची मशीनं..."

"गप्प. खाली बस."

कुंभोजे बसले. जुनी सवय.

गुरुजींनी त्यांच्या गळ्यातली दोरी ओढून काढली आणि किल्ली रेश्माच्या हातात ठेवली.

"रोज तूच उघडायचं दार. आता बस इथं, सुरू कर. चुकलं तर चुकू दे."

रेश्मानं सरांकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली.

गुरुजींनी तिच्या समोरच्या संगणकाची खोळ उतरवली, झटकली आणि कुंभोजेंच्या डोक्यावरून खाली खांद्यांपर्यंत ओढली. चांगली बसली.

तिकडे बटण दाबल्याचा आवाज झाला. पंखा घरघरला. रेश्मानं माउस हातात घेतला, थोडा वर उचलला, थबकली आणि परत टेबलावर टेकवला.

"गुरुजी, माझ्या मशीनला काही झालं तर..." खोळीतून आवाज आला. कुंभोजे उठायला लागले.

गुरुजींनी त्यांचा खांदा खाली दाबला.

"हलू नकोस. बिघडशील."